साखरबाईची गवार

साखरबाईनं पाटी म्हशीच्या गव्हाणीत उपडी केली आणि तळाला चिकटलेलं चुक्याचं पान बोटानं खरवडून तेही आत टाकलं. दोन कोवळे दुधी, चुक्याची जुडी, ओंजळभर गवार. म्हशीनं आधी दुधीला तोंड घातलं.

"खा बाई," साखरबाई म्हणाली. "पंक्चरवाल्याच्या घरची मेजवानी हाय."

मग तिनं पाटी हौदावर विसळली, आत जाऊन डब्यातली मूठभर साखर कागदात बांधली, ती पाटीत ठेवली आणि गेणबा गड्याला हाक मारून पाटी भिंतीपलीकडं द्यायला सांगितली. वानवळ्याचं भांडं रिकामं परत पाठवू नये, एवढी रीत ती पाळत होती. परसात, रानात जे पहिलंवहिलं निघेल त्यातलं थोडं शेजारी पाठवायचं आणि शेजाऱ्यानं भांड्यात काहीतरी घालून ते परत करायचं, ही वडगावची जुनी चाल. साखर कारखान्याकडून सभासदांना मिळणारी. ती पोत्यानं यायची आणि संपता संपत नसे. मूठभर साखर गेली की साखरबाईच्या लेखी हिशेब मिटला, मग भाजी म्हशीनं खाल्ली काय आणि माणसानं खाल्ली काय.

तिच्या मते जगात पीक एकच, ऊस. ज्वारी पेरणारा गरजू, कांदा लावणारा जुगारी आणि भाजी लावणारा तर पाण्याची पाळीसुद्धा नशिबात नसलेला. नवऱ्याच्या, रामहरीच्या, अठरा एकरांत या बांधापासून त्या बांधापर्यंत ऊस उभा होता आणि घरात फोडणीला टाकायला कढीपत्त्याचं पान नव्हतं. याची तिला लाज नव्हती, उलट ऐट होती. पैसे फेकले की बाजारात जे मिळतं ते पिकवत बसायला आपण काय रिकामटेकडे आहोत, असं ती चारचौघींत बोलून दाखवायची.

आणि भिंतीपलीकडं चाँदबी. तिचा नवरा युनूस नीरा रस्त्यावर पंक्चर काढायचा. घरामागं मोजून गुंठाभर जागा, त्यात ही बाई सकाळ-संध्याकाळ वाकलेली. पंक्चर बघायच्या टबातलं पाणीसुद्धा तो युनूस संध्याकाळी घरी आणून झाडांना घालतो, हे साखरबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. असल्या पाण्यावरची भाजी अठरा एकरवाल्यांनी खायची म्हणजे झालंच.

तिची सून निकिता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून गव्हाणीकडं बघत होती. साखरबाईनं तिच्याकडं पाहिलं तशी ती आत गेली.

निकिताला तिसरा महिना लागला होता आणि पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता. भाकरी समोर आली की तोंडाला पदर. दूध नको, शिरा नको, बारामतीहून आणलेली सफरचंदं नकोत. लोणी देवकरच्या कंपनीत नोकरीला असलेल्या माणसाची ही पोर. साखरबाईला वाटायचं, डब्यातलं गार जेवण खाऊन वाढलेली पोटं ही, यांना सकस अन्न कसं सोसावं? पण दिवस जात होते आणि पोरगी वाळत होती. पहिलंच नातवंड. साखरबाईला भीती वाटत होती. भीती वाटली की ती चिडायची, दुसरं काही तिला जमत नसे.

एका दुपारी ती गोठ्यातून आली तर निकिता भिंतीला टेकून उभी. हातात चुक्याची पानं, तळहातावर मीठ. एकेक पान मिठाला लावून ती असं खात होती की साखरबाई क्षणभर बघतच राहिली. तीन महिन्यांत या पोरीला तिनं असं खाताना बघितलं नव्हतं.

"काय चाललंय ह्ये?"

निकितानं ओठ पुसले. "काय न्हाय आत्या. आंबट खाऊ वाटलं."

"घरात चिंच हाय, कैरीचं लोणचं हाय. ती काय मेली व्हय?"

"त्ये न्हाय जात आत्या."

भिंतीवर चाँदबीचं डोकं वर आलं. पलीकडं रंगाची रिकामी बादली पालथी घालून ती त्यावर उभी राहायची.

"वैनी, पोरीला बोलू नका. मीच दिला चुका. पोट मागतंय त्ये द्यावं."

"आमच्या घरात काय कमी हाय म्हणून तुझ्या दारचं खावं तिनं?"

"कमी कशाचं हो. म्हशीचं बी भागतंय की माझ्या वानवळ्यावर."

साखरबाईनं गव्हाणीकडं बघितलं, मग भिंतीकडं.

"भिंत उंच हाय तुमची," चाँदबी म्हणाली, "पर आमच्या न्हाणीच्या खिडकीतनं गव्हाण दिसती."

"दिसती तर मग पाठवतीस कशाला?"

"पाठवायचं माझं काम. फुडचं तुमचं."

दुसऱ्या कुणाला या जागी शरम वाटली असती. साखरबाईला संताप आला. पंक्चरवाल्याची बाई आपल्याला रीत शिकवते! तिनं निकिताच्या हातातली उरलेली पानं घेतली, भिंतीवरून पलीकडं टाकली आणि सांगितलं की या घरची सून पुन्हा या भिंतीशी दिसता कामा नये. चाँदबी बादलीवरून उतरली. त्या दिवसापासून वानवळा बंद झाला आणि निकिता सासूच्या शब्दाबाहेर न जाता आणखी वाळायला लागली.

साखरबाईनं आठ दिवसांत गोठ्यामागची दोन गुंठे जागा नांगरून घेतली.

"अठरा एकर पिकवतोय आपण," ती रामहरीला म्हणाली. "दोन गुंठे काय जड हाईत? ती गुंठाभर लावती, मी दोन लावीन."

रामहरी बाजेवर आडवा होता. उसाच्या जिवावर माणूस किती वेळ आडवा राहू शकतो, याचा तो चालताबोलता पुरावा होता. म्हणजे चालता कमीच.

"आगं, भाजीला रोज बघावं लागतं."

"उसाला कोण बघतंय रोज?"

"ऊस आपला आपण येतो."

"मग ही बी यील."

दुकानात होती त्यातली सगळ्यांत महाग बियाण्यांची पाकिटं आली. गवार, भेंडी, चुका, वांग्या-टोमॅटोची रोपं. गेणबाला जन्मात ठाऊक होती ती एकच लागण, उसाची. त्यानं हातभर खोल सऱ्या पाडल्या, त्यात बी टाकलं, मोटर सुरू केली आणि सऱ्या तुडुंब होईपर्यंत बांधावर विडी ओढत बसला. शेडमध्ये उसाचा उरलेला युरिया होता, तोही गेला. किती टाकू, असं त्यानं विचारलं तेव्हा साखरबाईनं हात आखडता घेतला नाही. आपल्या घराची ती रीतच नव्हती.

चुका कुजला. पुन्हा टाकला, पुन्हा कुजला. भिकार बियाण्याला शिव्या देऊन साखरबाईनं त्याचा नाद सोडला, कारण बाकीचं माळवं मात्र डोळे दिपावेत असं वर आलं. भेंडी गेणबाच्या डोक्यावर गेली. गवार छातीला लागली, पानं तळहाताएवढी, हिरवी म्हणजे काळी वाटावीत इतकी. टोमॅटोनं तर गोठ्याची भिंत धरली. उसाच्या मुलखात पीक उंचीवर जोखतात, आणि साखरबाई दुसऱ्या कशावर जोखणार होती? येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हाताला धरून गोठ्यामागं नेऊ लागली.

भिंतीवर चाँदबीचं डोकं एकदाच आलं. बराच वेळ तिनं ते हिरवं रान बघितलं.

"लई उंच झाली हो, वैनी," ती म्हणाली आणि उतरली.

साखरबाईला वाटलं, जळली.

चैत्र गेला. भेंडी आणखी वाढली. गवारीला एक शेंग नव्हती. टोमॅटोला चार फुलं आली आणि गळाली. साखरबाई रोज पाला बाजूला करकरून बघायची, जशी काही शेंग तिच्या भीतीनं आत दडून बसली होती. एकदा रामहरी कधी नव्हे तो मागं आला, लुंगी आवरत उभा राहिला.

"माजलीय ही," तो म्हणाला. "माजलेलं फळत नसतं."

"तुमी जावा, पडा जावा."

तो खरंच जाऊन पडला.

बारामतीच्या डॉक्टरीणबाईनं निकिताचं वजन बघून साखरबाईला चांगलं फैलावर घेतलं. पोरीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. त्याच आठवड्यात निकिताच्या आईचा फोन आला. पोर बोलताना दमते, आवाज ऐकून कळतंय, काय खाते-पिते का नाही, असं विहीणबाई विचारत होत्या. अठरा एकरवाल्यांना हा प्रश्न विचारणाऱ्या बाईचा नवरा कंपनीत घड्याळाला बांधलेला. पण प्रश्न झोंबला.

"आवो, खाती म्हंजे काय!" साखरबाई म्हणाली. "घरचं माळवं हाय, ताजं. तिच्यासाठीच लावलंय. डोहाळजेवणाला या, घरच्या माळव्यावरच पंगत उठवते का न्हाय बघा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फोन ठेवल्यावर तिला ते कळलंही असेल, पण कबूल करणार कोणाजवळ?

सातवा लागला तसा मे अखेरीचा एक शुक्रवार ठरला. आदल्या दिवशी गुरुवारचा बारामतीचा बाजार. साखरबाई मुलाला, रणजितला, गाडी काढायला लावून एकटीच मंडईत शिरली. तानूबाईच्या पालावर गवार होती. बोटाच्या दोन पेरांएवढी, कोवळी, अंगावर बारीक लव असलेली. साखरबाईनं एक शेंग मोडली. कट्कन मोडली. तिनं सगळी पाटी तोलून घेतली, वांगी घेतली, टोमॅटो घेतले.

"गावरान हाय गवार," तानूबाई म्हणाली. "इचारा तरी कुठली ती."

"बाजारची," साखरबाई म्हणाली. भाजी कुठून येते हे विचारायची तिला कधी गरज पडली नव्हती.

शुक्रवारी अंगणात मांडव पडला. निकिताला हिरवं लुगडं नेसवलं, फुलांचे दागिने घातले. त्या दागिन्यांत ती आणखीच बारीक दिसत होती, पाळण्यातल्या पोराला मोठ्याचं आंगडं घालावं तशी. विहीणबाई दारातून आत आल्या, लेकीला बघितलं आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणाल्या,

"मी न्यायला आलेय हिला. आजच नेते."

"पहिलं बाळंतपण म्हायेरचंच, त्येला न्हाय कोण म्हणतंय," साखरबाई म्हणाली. "पर नववा लागू द्या की. आत्ताच कशाला?"

"मास राहिलंय का पोरीच्या अंगावर?"

बायका ऐकत होत्या. त्यांना हे उद्या गावभर न्यायचं होतं, आज फक्त भरून घेत होत्या. अठरा एकरांत एका पोरीचं पोट भरेना, म्हणून आई सातव्यातच घेऊन गेली. तिला सून जायला नको होती. लोकांसाठी नको होती, हे खरं; पण घरातून ती बांगड्यांची किणकिणही जायला नको होती, हेही खरं, आणि हे दुसरं खरं तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"आधी जेवा तर," ती म्हणाली.

पंगत बसली. चाँदबी एका टोकाला बसली होती. तिला निकितानं बोलावलं होतं आणि ती ओटीला नारळ आणि खण घेऊन आली होती. पानात भरली वांगी, गवारीची भाजी शेंगदाण्याचं कूट घालून, भाकरी, गुळवणी-पोळी. निकितानं पहिला घास गवारीचा घेतला. चावता चावता ती थांबली. साखरबाईला वाटलं, आता ही उठून मोरीकडं पळणार, आईदेखत. पण निकिता उठली नाही. तिनं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, मग पान पुढं सरकवून म्हणाली,

"आत्या, गवार वाढा अजून."

तीनदा वाढली. अंगणातल्या बायका हसल्या. विहीणबाई हात पानातच ठेवून लेकीकडं बघत राहिल्या.

"कुठली वो ही गवार?"

"आमच्या परसातली," साखरबाई म्हणाली. "सांगितलं न्हवं का मी?"

चाँदबीचा घास तोंडाजवळ थांबला, मग तोंडात गेला.

"तुमी शेजारच्या न्हवं?" विहीणबाईंनी तिला विचारलं. "तुमाला तर रोजच दिसत आसंल ह्यांची बाग."

"दिसती की," चाँदबी म्हणाली. "एवढी उंच गवार सगळ्या वडगावात कुणाची न्हाय."

बायकांनी माना डोलावल्या. त्यांना सगळ्यांना हाताला धरून नेऊन ती उंची दाखवलेलीच होती. साखरबाईची मान ताठ झाली. इतक्या दिवसांत ही बाई एक खरं बोलली, असं तिला वाटलं. मागाहून जेवायला बसल्यावर तिनंही गवार खाल्ली. एरवी ती भाजीकडं लक्ष देऊन जेवत नसे; त्या दिवशी मात्र पातेल्याच्या कडेची भाजीही तिनं भाकरीनं पुसून घेतली.

जेवणं झाल्यावर विहीणबाई पदर खोचून उठल्या.

"चला, बघू तरी बाग."

साखरबाई गोठ्याच्या वाटेत आडवी उभी राहिली. गोठ्यामागं छातीएवढी गवार उभी होती आणि शेंग म्हणून एक नव्हती. शेतकऱ्याच्या बाईला ते सांगावं लागत नाही, आणि विहीणबाई कंपनीत गेलेल्याची बायको असली तरी लेक शेतकऱ्याचीच होती.

"आई, आत्ता नगं," निकिता म्हणाली. "सकाळीच पाणी सोडलंय. गुडघाभर चिखल हाय. नवी साडी भरंल तुझी."

डोळ्याची पापणी न लववता म्हणाली. सकाळी पाणी सोडलेलं नव्हतं.

विहीणबाई परत बसल्या. जाताना त्या साखरबाईला म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मग नववा लागंस्तवर. पर ही गवार रोज घाला हिला. एवढं कधी जेवली न्हाय ती. मी येते पंधरा दिसांनी बघायला."

गाडी वळून दिसेनाशी झाली. साखरबाई आत आली तेव्हा निकिता चुलीपुढच्या पातेल्यातली उरलेली गवार एका वाटीत काढून ठेवत होती.

"आईशी खोटं बोललीस," साखरबाई म्हणाली.

"व्हय."

"कशापायी?"

"तुमची शोभा झाली आसती."

तिच्या आवाजात माया नव्हती आणि भीतीही नव्हती. पडलेल्या लहान पोराला उचलून बाजूला ठेवावं, तसा आवाज होता. साखरबाईनं आयुष्यभर लोकांशी याच आवाजात बोलण्यात धन्यता मानली होती. तो ऐकायला कसा लागतो, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. तिनं काहीतरी करायचं म्हणून हातातला तांब्या खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"आन् गवार शेजारच्या चाचीची हुती," निकिता म्हणाली.

"कुणाची? बाजारातनं आणली मी. तानूबाईकडनं."

"तानूबाईकडं चाचीच देती. तिचा पोरगा दानिश गाडीवर न्हेऊन पोचवतो. आधी तिच्याकडनं खायची मी, तोंडात टाकली की वळखते, चाचीची."

"आन् तिला? तिला कळलं?"

"पहिल्या घासाला."

साखरबाई पाटावर बसली. भिंतीवरून फुकट येत होती ती गवार तिनं बंद केली, आणि तीच गवार बारामतीला जाऊन, गाडीचं तेल जाळून, घासाघीस न करता विकत आणली. वर ज्या बाईची गवार तिलाच पानात वाढून आमच्या परसातली म्हणून सांगितलं. आणि ती बाई जेवून, तोंड पुसून, हसून गेली. साखरबाईला इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. चीड चाँदबीची का कुणाची, हे ठरवायला तिला तेव्हा सवड नव्हती.

वाटीतली गवार निकितानं दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्ली. दुपारी भाकरी तशीच राहिली. साखरबाई ताटाकडं बघत होती. रोज रणजितला बारामतीला पाठवायचं? म्हणजे दानिशनं भिंतीपलीकडची गवार गाडीवर बारामतीला न्यायची आणि रणजितनं ती दुसऱ्या गाडीत घालून भिंतीअलीकडं आणायची. इतका मूर्खपणा तिनं दुसऱ्या कुणाचा ऐकला असता तर महिनाभर हसली असती.

ऊन कलल्यावर तिनं डोक्यावर पदर घेतला आणि गल्लीतून वळसा घालून चाँदबीच्या दारात गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घरात कुणी नव्हतं. ती पडवीतून मागं गेली.

गुंठाभर जागा. जुन्या टायरांत माती भरून पुदिना लावलेला, मोरीच्या पाण्यावर अळू, कोपऱ्यात शेवगा, दुधीचा वेल कौलांवर चढवलेला. गवार कमरेएवढीसुद्धा नव्हती. पण बुडख्यापासून शेंड्यापर्यंत शेंगांचे झुबके, पानं शोधावी लागावीत असे. साखरबाई कुठं काही खोट दिसते का बघत होती.

"जागा लई कोंदट हाय तुझी," ती म्हणाली.

चाँदबी उकिडवी बसून गवार तोडत होती. तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"काय काम काढलं, वैनी?"

"गवार पायजे हुती."

"कुणाला?"

"निकिताला. पोर जेवंना."

चाँदबीनं हातातली शेंग पाटीत टाकली, दुसरी तोडली.

"तिचं मी बघते. तिचा वानवळा जाईल भिंतीवरनं, आजपासनं रोज. चुका बी दीन. तुमाला इचारत न्हाय मी, सांगते फकस्त."

स्वतःच्या अंगणात असती तर साखरबाईनं याला उत्तर दिलं असतं. इथं ती दुसऱ्याच्या वाफ्यात उभी होती आणि चपलेला ओली माती लागली होती. ज्या कामासाठी आली ते झालं होतं. पोर जेवणार होती, घरी राहणार होती, पंधरा दिवसांनी विहीणबाई येऊन तोंडात बोट घालणार होत्या. आता वळून जायचं. ती वळली नाही.

"अजून काय?" चाँदबीनं विचारलं.

"थोडी मला."

चाँदबीचा हात थांबला. "तुमाला? तुमी खाताय व्हय आमच्या दारचं?"

"काल खाल्ली." साखरबाई शेवग्याकडं बघत होती. मग पायातला काटा ओढावा तसे दोन शब्द तिनं बाहेर काढले. "चांगली हुती."

चाँदबीनं तिच्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. साखरबाईला वाटलं, आता ही उठेल, दोन ओंजळी भरून ओच्यात टाकेल आणि घ्या म्हणेल. बायका असंच करतात. शेजारीण स्वतः चालत आली म्हटल्यावर कोणीही तसंच करेल. तिनं पदराचं टोक हातात धरून थोडं पुढंही केलं होतं.

चाँदबी उठली. हात लुगड्याला पुसले आणि पडवीतल्या खिळ्यावरची तागडी काढून आणली.

"वानवळा शेजारणीचा आसतो," ती म्हणाली. "तुमाला इकत. किती देऊ?"

साखरबाईनं पदर मागं घेतला.

"पाव किलो."

चाँदबीनं एका पारड्यात वजन ठेवलं, दुसऱ्यात गवार घातली आणि तागडी उचलली. गवारीचं पारडं जरासं खाली गेलं. बाजारात असं पारडं झुकलं की बाया ते तसंच ओततात, वर आणखी चार शेंगा टाकतात. चाँदबी पारडं स्थिर होईपर्यंत थांबली. मग तिनं दोन बोटांनी त्यातली एक शेंग उचलली आणि परत आपल्या पाटीत टाकली.